मसुराची रेघ

नयना कर्णिकचं रक्त डॉ. सुकुमार मगदूमच्या लॅबमध्ये आलं ते सकाळच्या पहिल्याच ड्रोनने. ड्रोनने गच्चीवरच्या जाळीत डबा सोडला, रुबिना मुल्लाने तो खाली आणला आणि ट्यूबवरचं नाव वाचून ती दारातच थांबली.

"सर, हे चुकून आलं असंल," ती म्हणाली. "परत पाठवू का?"

सुकुमारने ट्यूब हातात घेतली. नाव, वय, 'निवांत' चालू असल्याची हिरवी खूण, सगळं नीट होतं. मिरजेच्या डॉक्टरांत एक जुनी रीत आहे. स्वतःचं किंवा घरच्या माणसाचं रक्त आपल्या लॅबमध्ये तपासायचं नाही. हात थरथरतो, मन खोटं बोलतं, आकडा आपल्याला हवा तसा वाचला जातो. म्हणून ते दुसऱ्याकडे पाठवायचं. नयनाची लॅब तिच्याच इस्पितळात होती, त्यामुळे तिचं रक्त दरवर्षी सांगलीला जायचं. सांगलीची ती लॅब नुकतीच बंद झाली होती. इस्पितळातल्या कुणा नव्या मुलीने बाहेरची सगळ्यात जवळची लॅब निवडली असणार. तिला मागचं काय ठाऊक?

"राहू दे," सुकुमार म्हणाला. "आपण तपासू."

याच रीतीने कीर्तीचं रक्त नयनाकडे गेलं होतं.

कीर्ती म्हणजे सुकुमारची बायको. तिला जाऊन दोन वर्षं होत आली होती. ती आणि नयना कोल्हापूरच्या एकाच वसतिगृहात राहिलेल्या. एकीने पुढे शाळेत गणित शिकवलं, दुसरीने अंडाशयांवर संशोधन केलं. कीर्तीला दर महिन्याला इतका रक्तस्राव व्हायचा की शाळेत वर्ग घेताना तिला खुर्चीचा आधार लागायचा. गर्भाशय काढायचं ठरलं होतं. तेव्हा नयना घरी येऊन म्हणाली होती, "थांब. माझ्या सुईची वाट बघ."

ती सुई म्हणजे 'निवांत'. तिच्यामागची कल्पना साधी होती. पोटातला गर्भ आईच्या संप्रेरकांमध्ये बुडालेला असतो. त्या माऱ्यात तगून राहण्यासाठी त्याचं यकृत एक प्रथिन तयार करतं. मूल जन्मलं की हे प्रथिन जवळजवळ नाहीसं होतं. या प्रथिनाचा एक छोटा तुकडा अंडाशयातल्या पेशींवर टाकला तर त्या पेशी इस्ट्रोजेन कमी बनवायला लागतात, हे नयनाने शोधून काढलं. पेशी मरत नाहीत, बंदही पडत नाहीत, फक्त त्यांचा हात आखडतो. पाळी हलकी होते, मग थांबते. अंडी खर्ची पडत नाहीत. सुई सोडली की सगळं पूर्ववत.

तो तुकडा यीस्टमध्ये बनवत. कीर्तीने पहिल्या सुईआधी तेच विचारलं होतं. "कुठल्या जनावराच्या पोटातलं नाही ना गं? नाहीतर आमच्या बस्तीत मला पाय ठेवू देणार नाहीत." जैनांच्या देवळाला तिकडे बस्तीच म्हणतात. नयना हसून म्हणाली होती, "पावात असतं तेच यीस्ट बाई. तुझ्या महावीरांना चालेल."

आणि खरोखर, पुढची सहा वर्षं कीर्ती उभी राहून शिकवत होती. हे सुकुमारने कधीही नाकारलं नाही. त्याचा राग त्या सुईवर नव्हताच.

राग होता वजावटीवर.

गर्भाचं ते प्रथिन मोठ्या माणसाच्या रक्तात पुन्हा दिसलं तर डॉक्टर दचकतात. कारण यकृतात कर्करोगाची गाठ झाली की तिथल्या पेशी गर्भातल्या पेशींसारख्या वागायला लागतात आणि तेच प्रथिन परत बनवतात. पण निवांत घेणाऱ्या प्रत्येकच बाईच्या रक्तात त्या प्रथिनाचा तुकडा असणार. मशीनला तुकडा आणि अख्खं प्रथिन यांतला फरक कळत नाही. म्हणून नयनाच्या समितीने नियम केला की औषधाचा वाटा आकड्यातून वजा करायचा आणि उरेल तेवढाच डॉक्टरला दाखवायचा. वजावट संगणक करणार. आणि एखादीचा आकडा चढत गेला, तर औषध तिच्या अंगात साठतंय असं धरून तो तिची वजावट वाढवणार.

कीर्तीचा आकडा चढत गेला. संगणक वजा करत गेला. त्याने तिची गाठ वजा केली. पोट फुगून ती खाटेवर आली तेव्हा काढण्यासारखं काही उरलं नव्हतं.

चौकशी झाली. चौकशीत नयना शांतपणे म्हणाली की लाखो बायकांमागे एखादी घटना म्हणजे नियमाची चूक नव्हे. सुकुमारने मसुराच्या कसोटीचं नाव काढलं. गाठीतून येणाऱ्या प्रथिनाला साखरेचं एक खास शेपूट असतं आणि मसुराच्या डाळीतून काढलेलं एक द्रव्य ते शेपूट बरोबर धरतं. पट्टीवर जांभळी रेघ उमटते. यीस्टमधल्या तुकड्याला शेपूटच नसतं. नयनाच्या समितीने ही कसोटी निवांतच्या बायकांसाठी अनावश्यक ठरवून बंद केली होती. ती म्हणाली, "निवांत घेणाऱ्या कुठल्याही बाईची रेघ उमटू शकते. ती कसोटी भरवशाची नाही."

मग बाहेर व्हरांड्यात, कुणी ऐकत नाही असं पाहून, ती त्याच्याजवळ आली. "सुकुमार, तूही पॅथॉलॉजिस्ट आहेस. रोज तिच्यासमोर जेवायला बसत होतास. तुला दिसलं नाही, ते माझ्या संगणकाला कसं दिसणार?"

त्या दिवसापासून तो तिला अहो-जाहो करायला लागला. आणि त्या दिवसापासून त्याला एकच गोष्ट हवी होती, सूड.

सुकुमारने नयनाचं रक्त मशीनला लावलं. मूळ आकडा पडद्यावर आला आणि लगेच झाकला गेला. त्याच्या जागी वजावटीनंतरचा आकडा आला, हिरवा, निर्दोष. पण सुकुमारने मूळ आकडा पाहिला होता. तो मोठा होता. वर्षाला दोन सुया घेणाऱ्या बाईचा असावा त्यापेक्षा फारच मोठा.

त्याने कपाट उघडून मसुराची पट्टी काढली. वेष्टन फाडलं. नयनाच्या रक्ताचा थेंब सोडला आणि समोर बसून राहिला.

रेघ उमटली. जांभळी, ठसठशीत.

मागे रुबिना उभी होती. "कुणासाठी फोडली पट्टी?" तिने विचारलं, आणि मग तिला रेघ दिसली.

"रिपोर्ट काढ," सुकुमार म्हणाला.

"कुठला?"

"नियमाचा. वजावटीचा."

"सर…"

"नियम त्यांनीच केलाय, रुबिना. आपण नियमाबाहेर जायचं नाही."

रिपोर्ट निघाला. सगळं ठीक. सुकुमारने खाली सही केली. शेऱ्याच्या जागी त्याने चार शब्द लिहिले. कीर्तीच्या शेवटच्या रिपोर्टवर नयनाने लिहिलेले तेच शब्द: 'औषध दिसते. काळजी नसावी.'

त्या दिवशी तो दोन वर्षांत पहिल्यांदा पोटभर जेवला.

पुढचे काही दिवस त्याला चालताना हलकं वाटत होतं. निवांत आता सरकारी योजनेत येणार होतं. स्टेशनपासून इस्पितळापर्यंत नयनाचे फलक लागले होते, हात जोडून हसणारी नयना. सुकुमार मुद्दाम त्या रस्त्याने जायचा. फलकापुढे उभा राहून तो तिच्या बरगडीखालची उजवी बाजू बघायचा. वाढू दे, तो मनात म्हणायचा. एक दिवस साडी नेसताना हाताला लागेल. मग मशीनकडे धावशील आणि मशीन तुला सांगेल, औषध दिसतंय.

पण हलकेपणा टिकला नाही. त्यात एक खोट होती आणि ती त्याला फलकापुढेच सापडली. नयना मेली तर काय होईल? याच रस्त्यावर याच फोटोला हार घालतील. एखाद्या वॉर्डाला तिचं नाव देतील. कोर्टात त्याने तिच्यावर केलेली केस उभी होती, पुढच्या महिन्यात तारीख होती, ती तिच्यापुरती तिथेच संपेल. आणि कशाने मरतेय हे तिला कळणारही नाही. आजार झाला, एवढंच ती समजेल. ज्याला घाव कुणाचा ते कळतच नाही, त्याच्यावर सूड उगवला असं कसं म्हणायचं?

तरीही तो गप्पच राहिला असता. बोलली ती रुबिना. दुपारी डबा खाताना, मान खाली घालून.

"सर, एक इचारू? माझीबी सुई चालू हाय की. चार वर्षं झाली."

"माहीत आहे."

"म्हणजे माझंबी वजाच होतंय."

सुकुमारने घास डब्यात ठेवला. मग त्याने उठून दुसरी पट्टी फोडली. रुबिनाने बाही वर केली. पट्टी कोरी राहिली. तिने सुस्कारा टाकला, पण डबा परत उघडला नाही.

"मी सुटले," ती म्हणाली. "पर स्टेशनावर सुईसाठी नाव नोंदवायला रांग लागलीय फलकाखाली, त्यांचं काय? त्यांना तुमची पट्टी कोण लावणार? तुम्ही त्या बाईला मारताय न्हवं, तिच्या मागं रांगच्या रांग जातीय."

क्षमावाणीच्या दिवशी सकाळी अक्काचा फोन आला. अक्का म्हणजे सुकुमारची थोरली बहीण, जयसिंगपूरला असायची. पर्युषण संपलं की वर्षभराच्या चुकांची एकमेकांकडे क्षमा मागायची, 'उत्तम क्षमा' म्हणायचं, हा जैनांचा दिवस.

"बस्तीत येणार न्हवं रे?"

"नाही अक्का. तोंडाने क्षमा म्हणायची आणि पोटात दुसरंच ठेवायचं, मला जमत नाही."

"मग पोटातलं काढून टाक की आधी."

"तेच करायला निघालोय," सुकुमार म्हणाला आणि नयनाच्या इस्पितळात गेला.

नयना तिच्या खोलीत एकटी होती. थोडी वाळलेली दिसली. आणखी कुणाच्या लक्षात आलं नसतं.

"आज क्षमावाणी ना तुमची?" ती म्हणाली. "कीर्ती दरवर्षी फोन करायची मला. मला वाटलं, त्यासाठी आलास."

"त्यासाठी नाही आलो. तुमच्या यकृतात गाठ आहे, डॉक्टर कर्णिक."

टेबलावरच्या पडद्यावर त्याचा रिपोर्ट उघडून तिने पडदा त्याच्याकडे वळवला. "ही सही कुणाची?"

"माझी."

"काळजी नसावी, असं तूच लिहिलंयस."

"ते तुमचेच शब्द आहेत. मसुराची पट्टी लावली. रेघ आली."

"रेघ," ती हसली. "पुढच्या महिन्यात तारीख आहे आणि आज तुला रेघ आली. सुकुमार, सूड घ्यायचा तर जरा नीट तरी घे."

"आज सोनोग्राफी करा. मग हसा."

"आणि उद्या तुझा वकील कोर्टात उभा राहून सांगणार, बाईंचा स्वतःच्याच औषधावर भरवसा नाही, त्यांनी गुपचूप यकृत तपासून घेतलं. एवढी दूधखुळी वाटते मी तुला? सरकारचा करार सहीला आलाय. मी पोटावर जेली लावून झोपले ही बातमी या इमारतीतून बाहेर जायला चहा होईपर्यंतचाही वेळ लागणार नाही."

सुकुमारला हे अपेक्षित नव्हतं. तो खरं सांगत होता आणि तिला ते खोटं वाटत होतं. आता उठून गेलो तरी चालेल, असं त्याच्या मनात आलं. सांगायचं होतं ते सांगून झालं. आता मरेल ती स्वतःच्या हट्टाने, आणि मरताना तिला सगळं कळलेलं असेल. याहून गोड काय असणार? तो दारापर्यंत गेलाही.

पण मेलेल्या नयनाचा फलक त्याच्या डोळ्यांपुढून हलेना, आणि त्याखालची रांगही.

तो वळला. "कीर्तीची ट्यूब फोडतो."

नयनाचं हसू थांबलं.

कीर्तीचं शेवटचं रक्त सुकुमारने घरीच काढलं होतं. सवयीने दोन ट्यूब भरल्या होत्या. एक नयनाच्या लॅबला गेली, दुसरी त्याच्या फ्रीजरमध्ये राहिली. कोर्टाने तिला लाखेचं सील लावलं होतं. तारखेला ती कोर्टासमोर उघडून तपासायची होती. त्यात जेमतेम एका तपासणीपुरतं रक्त होतं. केसमध्ये याहून दुसरा पुरावा नव्हता.

"ती फोडलीस तर तुझी केस संपली," ती म्हणाली.

"ठाऊक आहे."

"मग का?"

"तुम्ही या. तुमच्या हाताने करा. मी पट्टीला हातही लावणार नाही."

सूड घ्यायला आलेला माणूस आपला एकुलता एक पुरावा फोडत नाही, एवढं तिला कळत होतं. ती उठली आणि पर्स न घेताच त्याच्या मागोमाग निघाली.

लॅबमध्ये रुबिनाने तीन पट्ट्या मांडल्या. नयनाने हातमोजे चढवले. किती वर्षांनी चढवत होती कोण जाणे, पण हात सराईत होते. पहिला थेंब रुबिनाचा. पट्टी कोरी राहिली.

"ही निवांतवर आहे?" नयनाने विचारलं.

"चार वर्षं, मॅडम. तुमच्याच इस्पितळात."

म्हणजे निवांतने रेघ उमटत नव्हती. मग सुकुमारने फ्रीजर उघडून कीर्तीची ट्यूब काढली, सील तोडलं आणि ट्यूब तिच्यापुढे ठेवली. ट्यूबवर त्याच्याच अक्षरात लिहिलं होतं, कीर्ती सुकुमार मगदूम. नयनाने ती तळहातात धरून वितळवली. तेवढं करताना तिने एकदाही वर पाहिलं नाही.

रेघ उमटली. ज्या रक्ताला नयनाच्या संगणकाने निर्दोष म्हटलं होतं, त्या रक्ताची रेघ.

तिसरी पट्टी नयनाची. तिने एक हातमोजा काढून स्वतःच बोटाला सुई टोचली, थेंब सोडला आणि खुर्चीवर बसली. तीही उमटली, दुसरीच्या शेजारी, तशीच जांभळी.

नयनाने दोन्ही पट्ट्या जवळ ओढल्या.

"तिला आधी कळलं असतं तर वाचली असती," नयना म्हणाली.

मग तिने विचारलं, "माझं कितपत पसरलं असेल?"

"ठाऊक नाही. तिचं पोट फुगलं होतं. तुझं अजून फुगलेलं नाही. इथून उठून सरळ सोनोग्राफीला जा. तुझ्या इस्पितळात लाज वाटत असेल तर सिव्हिलला जा."

दोन वर्षांनी त्याने तिला अगं-तुगं केलं होतं. ते ऐकून ती चमकली. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी मऊ आलं.

"सुकुमार, तू मला क्षमा…"

"नाही." तो तिच्यासमोर स्टूल ओढून बसला. "चुकीचं समजू नकोस. मी तुला मरू देणार होतो. सहीसुद्धा केली होती. पण मेलेल्या माणसाला कोर्ट काही विचारत नाही. तुला विचारलं पाहिजे. भर कोर्टात, सगळ्यांसमोर. तू जगली पाहिजेस. ऑपरेशन करून, टाके घालून, काठी टेकत का होईना, त्या पिंजऱ्यात येऊन तुला सांगावं लागेल की कीर्तीचं काय वजा केलंस."

"आणि नाही सांगितलं तर?"

"मग पोटावरचा व्रण वजा करून बघ."

नयनाने डोळे मिटले. रुबिना पट्ट्या उचलायला पुढे आली, आणि पट्ट्यांऐवजी तिने नयनाकडेच पाहिलं.

"मॅडम, माझी पुढची सुई सोमवारी हाय. घेऊ का नको?"

ज्या बाईने लाखो बायकांना 'घ्या' म्हणून सांगितलं होतं, तिला या एका प्रश्नाचं उत्तर द्यायला फार वेळ लागला.

"ही पट्टी लावल्याशिवाय घेऊ नकोस," ती अखेर म्हणाली. "कुणीच घेऊ नये."

"हे लिहून द्याल?"

"कोर्टात सांगेन."

"बाही वर कर," सुकुमार म्हणाला.

नयनाने बाही वर केली. त्याने पट्टा आवळला, शीर शोधली आणि सुई घातली. त्याचा हात थरथरला नाही. दोन ट्यूब भरल्या. एक तिच्या सर्जनसाठी तिच्या हातात दिली. दुसरी कोर्टासाठी. तिच्यावर त्याने स्वतःच्या अक्षरात नयनाचं पूर्ण नाव लिहिलं, रुबिनाची साक्षीदार म्हणून सही घेतली आणि नयनाचीही घेतली.

ती गेल्यावर त्याचा फोन वाजला. अक्का होती. त्याने फोन वाजू दिला.

फ्रीजरमध्ये कीर्तीच्या ट्यूबची जागा रिकामी झाली होती. त्या जागी त्याने नयनाची ट्यूब उभी केली, झाकण लावलं आणि किल्ली खिशात टाकली.